पिकल्या केळ्यावरचं चिलट

पत्र :

ताई, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी बागायतदार. सहा एकर रान आहे. पैकी दोन एकर डांबरी रस्त्याला लागून, काळी कसदार जमीन, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी टिकतं. वडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली. त्या दोन एकरांना सध्या चांगला भाव येतोय. मुलगी जळगावला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येते, ते तिने घरात पाहिलंय. आता तिचं म्हणणं, शास्त्रज्ञ कॉम्प्युटरमध्ये माणसाचा मेंदू तयार करताहेत, तिलाही युरोपात जाऊन तेच शिकायचंय. एका एजंटाने दोन वर्षांचे ४० लाख सांगितले. वर म्हणाला, "दहा वर्षांत अख्खा मेंदू कॉम्प्युटरवर येणार, मग या पोरांना मागणीच मागणी." मेहुणा म्हणतो हे सगळं थोतांड आहे, पोरीचं लग्न उरकून टाका. मी रागात तिला बोलून गेलो, "तुले काय करायचं ते कर, मले इचारू नको." तेव्हापासून ती फक्त आईशी फोनवर बोलते. हे मेंदूचं खरं आहे का? रान विकावं का? आणि भावाच्या दुखण्यावर यातून काही निघेल का?

– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर :

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. त्यात मुलीला मार्क किती, तिचा स्वभाव कसा, ती कशात रमते, यातलं काही नाही. विहिरीला पाणी किती टिकतं ते मात्र आहे. रागावू नका. रान विकायची गोष्ट निघाली की आमच्याही घरात असंच व्हायचं.

उत्तर आधी देऊन टाकते. रान विकू नका आणि मुलीला अडवू नका. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. होत नाहीत असं तुम्हाला वाटतंय, कारण हिशोब एजंटाने मांडून दिलाय.

एजंटाचं ते "दहा वर्षांत अख्खा मेंदू" वाचून मी हसले, कारण हे वाक्य त्याचं नाही. ते चांगलं सोळा-सतरा वर्षं जुनं आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला हेन्री मार्क्रम नावाचे मेंदूशास्त्रज्ञ आहेत. माणूस हुशार, यात वाद नाही. २००५ मध्ये त्यांनी आयबीएमचा महासंगणक घेऊन 'ब्लू ब्रेन' प्रकल्प सुरू केला. उंदराच्या मेंदूचा छोटासा तुकडा, पेशी न् पेशी, कॉम्प्युटरमध्ये जशाचा तसा उभा करायचा. २००९ मध्ये एका जाहीर भाषणात ते म्हणाले की माणसाचा मेंदू उभारणं अशक्य नाही आणि ते दहा वर्षांत होऊ शकतं. २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्यांच्या पुढाकाराने आखलेला 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' निवडला. दहा वर्षं, आकडा १ अब्ज युरोचा.

आणि वर्षभरात भाऊबंदकी सुरू झाली. जुलै २०१४ मध्ये शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी युरोपीय आयोगाला उघड पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पेशी कशा वागतात याची निम्मी माहिती नसताना अख्ख्या मेंदूची नक्कल कशाची करताय? शिवाय माणूस विचार कसा करतो, लक्षात कसं ठेवतो, याचा अभ्यास करणाऱ्यांनाच तुम्ही प्रकल्पाच्या गाभ्यातून बाहेर काढलंय. मग लवाद बसला. २०१५ मध्ये त्याने बऱ्याच अंशी तक्रारदारांच्या बाजूने कौल दिला, आणि मार्क्रम यांच्यासह तिघांचं कार्यकारी मंडळ गेलं. पुढची आठ वर्षं प्रकल्पाने 'अख्खा मेंदू' हे तुणतुणं बंद केलं आणि मेंदूचे नकाशे, सॉफ्टवेअर, नव्या तऱ्हेचे कॉम्प्युटर यांवर काम केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो संपला. सगळा मिळून खर्च सुमारे ६० कोटी युरो. ब्लू ब्रेनही डिसेंबर २०२४ मध्ये आवरला. म्हणजे तुमचा एजंट जी बस दाखवून तिकीट विकतोय, ती बस आगारात जाऊन उभी राहिलीय.

असा अंदाज तुम्हाला नवा नसावा. बाग निसवायच्या आधीच बांधावर उभा राहून "तीस किलोचा घड धरा" म्हणणारा व्यापारी तुम्ही पाहिला असेल. त्यात बागेचा काही दोष नसतो. मध्ये करपा आहे, वादळ आहे, आणि कापणीच्या दिवशीचा भाव आहे. मीसुद्धा एकदा अशी फसलेय. नव्वदच्या दशकात एका कंपनीच्या साग लागवडीच्या योजनेत पगारातले ५ हजार भरले होते. वीस वर्षांनी लाख मिळणार होते. कागद अजून कपाटात आहे, साग कुठे आहे माहीत नाही. साग हे झाड मात्र चांगलंच आहे हो.

तसंच हे. मेहुण्यांना सांगा, थोतांड नाही. त्यासाठी जरा आत शिरावं लागेल, कंटाळू नका.

मी भुसावळला तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. निवृत्तीनंतर पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर 'न्यूरॉन' नावाचंच एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं. फुकट मिळतं. त्यात मेंदूतली एक पेशी चालवून पाहता येते. तिच्यामागची समीकरणं १९५२ ची. हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी स्क्विड म्हणजे म्हाकूळ या समुद्री जीवाच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून ती मांडली आणि १९६३ मध्ये नोबेल घेतलं. पडद्यावर एक आडवी रेष असते, उणे ६५ मिलिव्होल्टच्या आसपास. मी पेशीला थोडा करंट दिला. रेष जराशी फुगली आणि परत झोपली. अजून थोडा दिला, तरी तेच. तुमच्या मोटारीचं नाही का, व्होल्टेज कमी असलं की नुसती घुमते, पाणी उचलत नाही? तसं. मग आणखी एक टिचकी वाढवला, आणि रेष एकदम ताडकन शून्याच्या वर उडाली, सेकंदाच्या दोन-एक हजारांश भागांत खाली आली. पेशी पेटली! मी रात्री साडेअकराला एकटीच टाळी वाजवली. सून उठून बघायला आली.

तर एक पेशी आपल्याला जमते, अगदी छान जमते. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८ हजार ६०० कोटी आहेत. एकेक पेशी हजारो दुसऱ्या पेशींशी जोडलेली. मोठ्या आकड्यांनी डोळे फिरतात म्हणून एवढंच सांगते : २०१३ मध्ये जपानच्या 'के' महासंगणकावर १७३ कोटी पेशींचं जाळं चालवून पाहिलं. पेशी साध्या, जोडण्या कशाही केलेल्या, खऱ्या मेंदूतल्यासारख्या नव्हेत. आपल्या मेंदूच्या दोन टक्क्यांएवढं ते जाळं, आणि मेंदूचा एक सेकंद पुढे सरकवायला त्या यंत्राला ४० मिनिटं लागली. प्रोसेसर होते जवळपास ८३ हजार. तुमच्या-माझ्या डोक्यातला खरा मेंदू हे सगळं २० वॅटवर करतो. घरातली एलईडी ट्यूब तेवढीच वीज खाते.

पण वेग ही यातली सोपी अडचण आहे. यंत्रं वाढतात. खरी मेख दुसरीकडे आहे. जमिनीत राहणारा एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी आहे. त्याला बरोबर ३०२ चेतापेशी, आणि त्या एकमेकींना कशा जोडल्यात त्याचा नकाशा १९८६ मध्येच छापून आलाय. चाळीस वर्षं झाली, तो किडा कॉम्प्युटरमध्ये पूर्णपणे जिवंत झालेला नाही. कारण? तुमच्या भागात हतनूर कालव्याच्या चाऱ्या आहेत. चाऱ्यांचा नकाशा हातात आहे म्हणून आवर्तन कधी सुटेल, कुठलं गेट किती उघडेल, वरच्या गावाने किती उपसलं, हे कळतं का? पेशींच्या जोडणीचंही तसंच. जोडणी दिसते, पण तिच्यातून कधी किती जातं, कुठलं रसायन ती बळकट करतं, झोपेत काय होतं न् भुकेत काय, ते नकाशात नसतं. मार्क्रम यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या एका घन मिलिमीटरचाही जेमतेम तिसरा हिस्सा कॉम्प्युटरमध्ये उभा केला होता. सुमारे ३१ हजार पेशी. काम देखणं होतं, मी चित्रं पाहिलीत. पण तो तुकडा काही बघत नव्हता, काही शिकत नव्हता. टीकाकार तेच विचारत होते की हा करतो काय?

आता चिलटाची गोष्ट, जिच्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलंय.

तुमच्या घरात माजघरात केळी पिकायला टाकली की दोन दिवसांत तिच्यावर बारीक लाल डोळ्यांची चिलटं जमतात. तुम्ही ती हाताने उडवता. जगभरचे शास्त्रज्ञ शंभरेक वर्षं तीच बाटल्यांत पाळतात, ड्रोसोफिला म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या चिलटाच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. १ लाख ३९ हजार २५५ पेशी आणि त्यांच्यातल्या पाच कोटींहून अधिक जोडण्या. मेंदूचे अतिशय पातळ काप, त्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो, कॉम्प्युटरने पेशींच्या कडा ओळखायच्या, आणि जिथे तो चुकला तिथे माणसांनी बसून दुरुस्त करायचं. या दुरुस्तीत शास्त्रज्ञांबरोबर हौशी माणसंही होती. त्याच नकाशावर एका गटाने अगदी साध्या पेशींचं मॉडेल चालवलं. कॉम्प्युटरमधल्या चिलटाच्या गोड चव ओळखणाऱ्या पेशी उत्तेजित केल्या आणि पाहिलं, पुढे कोण पेटतं? तर सोंड बाहेर काढणाऱ्या स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशीपर्यंत खबर पोचली. मधल्या कुठल्या पेशी महत्त्वाच्या, ते मॉडेलने सांगितलं, आणि खऱ्या चिलटांवर तपासलं तेव्हा बरंचसं बरोबर निघालं.

साखर लागली, सोंड निघाली. एवढंच. माणसाच्या मेंदूच्या घोषणेपुढे हे किती किरकोळ वाटतं! मला विचाराल तर 'ह्यूमन ब्रेन'च्या पहिल्या दोन वर्षांतल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे मोठं वाटतं. कारण ते तपासता येतं. तुमची मुलगी यात जाणार असेल तर या चिलटासाठी जावी. अख्ख्या मेंदूच्या आशेने गेली तर चाळिशीत पस्तावेल.

माणसाच्या बाजूलाही काम चालू आहे, हळू. हार्वर्ड आणि गुगल यांनी २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा मांडला. ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या, आणि नुसते फोटो साठवायला १४ लाख जीबी. आपल्या मेंदूत असे दाणे बारा लाखांच्या घरात बसतात. तो दाणा कुठून आला माहीत आहे? फिट येणाऱ्या एका बाईच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातून.

त्यावरून तुमच्या भावाकडे येते. फ्रान्समध्ये मार्सेयला व्हिक्टर यिर्सा यांचा गट आहे. ते पेशी न् पेशी मोजत बसत नाहीत. रुग्णाचा एमआरआय आणि मेंदूतल्या विजेच्या नोंदी घेऊन त्याच्यापुरतं मेंदूचं ढोबळ मॉडेल बनवतात आणि त्यात झटका कुठून उठतो आणि कसा पसरतो ते पाहतात, म्हणजे सर्जनला नेमकी जागा कळावी. 'ह्यूमन ब्रेन'मधून निघालेलं हे सगळ्यांत उपयोगी कामांपैकी एक, असं माझं मत. २०१९ पासून फ्रान्सच्या अनेक रुग्णालयांत त्याची चाचणी सुरू झाली. पण हे ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत आणि शस्त्रक्रिया करायची आहे, त्यांच्यासाठी आहे. तुमच्या भावाने त्याची वाट पाहत बसू नये. दोन औषधं नीट घेऊनही झटके थांबत नसतील तर न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा, शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो का? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया होतात. आणि झटके थांबलेले असतील तर "आता बरं आहे" म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवत असाल तर तेही सोडा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा.

आता पैसे. एजंटाने कुठल्या विद्यापीठाचं नाव घेतलं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि मला वाटतं त्यानेही नीट सांगितलेलं नसावं. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नसतेच. राहण्या-खाण्यासाठी वर्षाला सुमारे १२ हजार युरो बँकेत दाखवावे लागतात, तो खर्च खरा. इरास्मस मुंडस म्हणून युरोपीय संघाची शिष्यवृत्ती आहे, मिळाली तर फी आणि राहणं दोन्ही निघतं. युरोपात पीएचडी ही बऱ्याच ठिकाणी पगारी नोकरी असते. मग ४० लाख कोणाच्या घरात जाणार आहेत, हे त्यालाच विचारा.

त्याआधी मात्र एक पायरी आहे, आणि ती इथेच आहे. बीएस्सी फिजिक्सनंतर 'जॅम' नावाची परीक्षा असते, फेब्रुवारीत होते, फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास निघतात. तिच्या जोरावर आयआयटीत एमएस्सी करता येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एमएस्सी-पीएचडी जोडून करता येते, तीही विद्यावेतन घेऊन. मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. आणि चेन्नईच्या आयआयटीने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भातल्या बाळांच्या मेंदूंचे ५ हजार १३२ काप करून बनवलेला नकाशा जगाला फुकट खुला केला. भुसावळला थांबणारी नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते. तुमच्या गावातल्या लोकांनी तिच्यातून सुरतेला माल आणि माणसं दोन्ही पाठवलीत, उलट्या दिशेने एक पोरगी पाठवायला काय हरकत आहे?

नोकरीचं विचाराल तर मागणीच मागणी वगैरे काही नाही. मेंदूच्या मॉडेलवर थेट काम करणाऱ्या जागा जगात थोड्याच. पण वाटेत ती जे शिकेल, गणित, प्रोग्रॅमिंग, ढीगभर आकड्यांतून अर्थ काढणं, एमआरआयच्या प्रतिमा वाचणं, त्याला रुग्णालयांच्या यंत्रांपासून चिप बनवणाऱ्यांपर्यंत गिऱ्हाईक आहे. मेहुणे म्हणतील, "मोबाइलमधला एआय बोलतोच की, मग मेंदू झालाच ना तयार?" नाही झाला. त्या एआयने मेंदूतल्या पेशीची फक्त ढोबळ कल्पना उसनी घेतलीय. माझ्या लॅपटॉपवरच्या त्या एका पेशीइतकंही साधर्म्य त्याच्या 'पेशी'त नाही. ते मशीन चांगलं आहे, पण गोष्ट वेगळी.

लग्नाबद्दल मेहुण्यांच्या मताला मी काही जागा देत नाही. त्यांनी विचारलं तर सांगा, ताईंनी वाचलं नाही.

राहिलं तुमचं ते वाक्य, "मले इचारू नको." पोरीने ते शब्दशः पाळलंय. फोन तिने करावा याची वाट बघू नका, तुम्हीच करा, आईच्या फोनवरून नव्हे, तुमच्या. रान, एजंट, पैसे यातलं पहिल्या फोनवर काही काढू नका. चिलटाला साखर लागली की ते सोंड कसं बाहेर काढतं, एवढंच तिला विचारा. ती बराच वेळ बोलेल. मध्ये भाव सांगायला व्यापाऱ्याचा फोन आला तर तो घेऊ नका.